अनसूयाबाईंची माती

अनसूयाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते बावीस वर्षांपूर्वी, आम्ही परळहून पूनम सागरमध्ये राहायला आलो त्या आठवड्यात. कॉम्प्लेक्सच्या गेटशी, गुलमोहराच्या कडेला, गोणपाट अंथरून बसलेल्या. समोर मेथी, लाल माठ, केळीची पानं, दुर्वांच्या जुड्या. माझ्या दारात सामानाचे खोके तसेच पडलेले आणि दुसऱ्या दिवशी संकष्टी. "दुर्वा आहेत का हो?" असं मी विचारलं, तर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "नवीन आयलीस वाटतं. ने. आज पैसं नको देऊस, पयला वाटा देवाचा."

अरे-तुरे त्या सगळ्यांनाच करायच्या. चेअरमनलाही. त्यांच्या गावच्या बोलीत 'तुम्ही' फारसं येतच नाही, आणि आलं तरी त्यात मान असतोच असं नाही, असं त्याच एकदा हसून म्हणाल्या होत्या. मी मात्र त्यांना 'अनसूयाबाई, तुम्ही' असंच म्हणत आले. एकदाच चुकले. ते पुढे लिहिते आहे, कारण तेच लिहायला बसले आहे.

त्यांचं माहेर राई गावचं, मिठागरातलं. वडील फाळक्याने, लांब दांड्याच्या फळीने, मीठ ओढायचे, आणि ह्या सहा-सात वर्षांच्या असताना टोपलीने ढिगावर टाकायच्या. सासर काशीगावचं, भातशेतीचं. काळूरामदादांच्या, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या, वाटणीची बरीचशी जमीन गेली. तिच्यावर आता सात-सात मजल्यांच्या इमारती आहेत. त्या इमारतींची नावं अनसूयाबाईंना सांगता येत नाहीत, पण कुठल्या इमारतीखाली कुठलं खाचर होतं ते सांगता येतं. "ती लिफ्टवाली हाय ना, तिथं आमचं राब," म्हणजे भाताची रोपं करायची जागा. घरामागे गुंठा-दीड गुंठा राहिला आहे, त्यात त्या भाजी करतात. आणि दर नवरात्राच्या आधी त्यातलीच माती आमच्या कॉम्प्लेक्समधल्या तीस-पस्तीस घरांना घटासाठी आणून देतात.

घटाची माती बाजारात मिळते. स्टेशनबाहेर पिशव्या भरून विकायला असतात. पण ती कुठून खणलेली, कोणी जाणे. अनसूयाबाईंची माती चाळलेली, भुसभुशीत, कसला वास नाही. माझ्या घटात तिसऱ्या दिवशी कोंब आणि नवव्या दिवशी वीतभर धान, एकवीस वर्षं. शेजारच्या विंगमधल्या आशाताई म्हणायच्या, "हेमांगी, तुझ्या घटाला दृष्ट लागेल गं." मी नाही म्हणायचे, पण बरं वाटायचं. ते बरं वाटणं भक्तीतलं नव्हतं, हे आता कळतं.

गेल्या श्रावणात आम्ही मंडळाबरोबर रामेश्वरला जाऊन आलो. अग्नितीर्थात, म्हणजे समुद्रातच, स्नान केलं, आणि मी पाच लिटरचा कॅन भरून तीर्थ आणलं. ह्यांनी, जितेंद्रांनी, तो कॅन विमानतळापासून घरापर्यंत वाहिला आणि वाटेत चार वेळा विचारलं की इतक्या तीर्थाचं करणार काय. मी म्हटलं, आपल्याकडे टँकरचं पाणी येतं, कुठल्या विहिरीचं आणि कोण भरतं, आपल्याला माहीत असतं का? या वर्षी देवीच्या घटाला मी नळाचा थेंब लागू देणार नाही.

तसंच केलं. परडीत माती घातली, ती तीर्थाने भिजवली, गहू पेरले, वर पुन्हा तीर्थ शिंपडलं. मध्ये कलश, विड्याची पानं, नारळ. रोज आंघोळ करून सोवळ्यात पंचपात्रीभर तीर्थ घालायचे आणि माळ बांधायचे. माझ्या वहीत रोजची नोंद आहे. पहिली माळ, विड्याच्या पानांची. दुसरी, झेंडूची. तिसऱ्या दिवशी लिहिलं आहे, "कोंब अजून नाहीत. उद्या येतील." चौथ्या दिवशी फक्त, "नाहीत."

घट न उगवणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी घट बसतो त्यांना सांगायला नको. मी चौथ्या दिवशी जेवले नाही. माझी मुलगी पूर्वी, तिचं आठवीचं वर्ष; तिच्यावर काही येणार का? ह्यांचा बीपी? कुठे चुकलं माझं? मनात सोवळं-ओवळं सगळं उलटसुलट करून पाहिलं आणि कुठेच काही सापडेना. त्या संध्याकाळी आशाताई आरतीला आल्या आणि सहज बोलून गेल्या, "अगं, अनसूयेचा दीर गेला ना पितृपक्षात, बबन. सप्तमीला. तुला माहीत नाही?"

मी बोटांवर तिथी मोजल्या. सप्तमीला दीर गेला. माती आम्हाला दिली त्रयोदशीला. म्हणजे सुतकातली.

मला तेव्हा काय वाटलं ते खरं लिहायचं तर, मला हायसं वाटलं. चूक माझी नव्हती.

ललितापंचमीला सोसायटीच्या हॉलमध्ये आमचं हळदीकुंकू असतं. पन्नासेक बायका. अनसूयाबाई दरवर्षी हॉलवर फुलं घेऊन येतात, प्रत्येकीला एक गजरा. त्या टोपली घेऊन दारात आल्या, चप्पल काढली, आणि मी उभी राहिले.

"अनसूया," मी म्हटलं. बाई गेलं, तुम्ही गेलं. "सुतकातली माती दिलीस आम्हाला? घरात मयत झालेलं, आणि देवीच्या घटाला माती देताना जरा काही वाटलं नाही?"

बुंदीच्या प्लेटा भरणारीचा झारा हवेतच राहिला.

अनसूयाबाईंनी टोपली खाली ठेवली. "काय झालं, बाय?"

"उगवला नाही घट. एक कोंब नाही पाच दिवसांत."

त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "गहू कंचा? जुना होता काय?"

"माझ्या डब्यातला. त्याच गव्हाची चपाती खातो आम्ही."

"पानी कंचं घातलंस?"

"पाण्याचं मला विचारतेस? तीर्थ घातलंय मी, तीर्थ! तुझ्यासारखं डबक्यातलं नाही."

मागून कोणीतरी, बहुतेक दुसऱ्या मजल्यावरच्या शहाबेन, हळूच म्हणाल्या, "पण हेमांगीबेन, हमारे पडोस में तो उगा है, वही मिट्टी है." आशाताईही म्हणाल्या की त्यांचाही उगवला आहे. यावर मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "जिथे सोवळं कडक असतं तिथेच देवी दाखवून देते. बाकीच्यांकडे काय, सगळं चालतं."

म्हणजे पन्नास बायकांना एका वाक्यात धुऊन काढलं. आणि गंमत अशी की कोणी रागावलं नाही. उलट सगळ्यांना आपापल्या घटाची काळजी लागली. एक-दोघी टोपलीपासून मागे सरकल्या. मग सगळ्याच. गजरे टोपलीत तसेच राहिले. अनसूयाबाई काही वेळ उभ्या राहिल्या, कोणी एकतरी पुढे येईल म्हणून असेल. मग त्यांनी ओलं फडकं गजऱ्यांवर पुन्हा पसरलं, टोपली डोक्यावर घेतली आणि गेल्या.

दसऱ्यानंतर त्या गेटवर आल्या नाहीत असं नाही. आठवडाभर आल्या. संध्याकाळी भाजी तशीच परत नेताना त्यांना मी खिडकीतून पाहिलं. मग त्यांनी येणं थांबवलं. कोणी सांगितलं की त्या आता काशिमिऱ्याला हायवेच्या कडेला बसतात, जिथे गाड्या थांबतात आणि कोणी कोणाचं नाव विचारत नाही.

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. मी लक्ष्मीची मांडणी करत होते आणि पूर्वी स्वयंपाकघरात बटाटे कापत होती. मला वाटलं, मदत करते आहे. पाहते तर एका वाटीत पाण्यात दोन फोडी, दुसऱ्या वाटीत दोन फोडी, आणि मिठाची बरणी उघडी.

"उपासाचे बटाटे वाया घालवू नकोस गं!"

"आई, प्रोजेक्ट आहे. सेल्सचं, पेशींचं. हात नको लावू, दोन तास ठेवायचंय."

दोन तासांनी तिने मला बोलावलं. साध्या पाण्यातल्या फोडी ताठ. मिठातल्या मऊ, वाकवल्या तर रबरासारख्या वाकणाऱ्या. "बघ. बटाटा पेशींचा बनलेला असतो. प्रत्येक पेशीला पातळ पडदा. बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी त्या पडद्यातून बाहेर येतं. पेशी सुकून जाते, पाण्यात असूनही."

"यात काय नवीन? काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतंच," मी म्हटलं. वीस वर्षं कोशिंबीर करते आहे, लोणच्याच्या कैऱ्यांना मीठ लावून ठेवते आहे. मला कोणी शिकवायला नको.

"हो, तेच. फक्त ते का होतं ते लिहायचंय." मग तिने वही काढली आणि जोरजोरात पाठ करू लागली. सजीवांची लक्षणं. वाढ, श्वसन, पोषण, उत्सर्जन, हालचाल, पुनरुत्पादन, चेतनेला प्रतिसाद. मी कलशाला दोरा गुंडाळत ऐकत होते. ऐकता ऐकता विचारलं, "मग गव्हाचा दाणा? तो कुठे हलतो, वाढतो? डब्यात वर्षभर तसाच असतो. तो निर्जीव ना?"

"जिवंत आहे गं. झोपलाय. श्वास घेतो, पण एकदम स्लो. पाणी मिळालं की त्याच्या पेशी पाणी ओढतात, फुगतात, मग उठतो."

"आणि पाणी खारं असलं तर?"

"मग कसा उठेल? पाणी आत जाणारच नाही नीट. मरेल."

माझ्या हातातला दोरा तिथेच राहिला.

देवघराच्या खालच्या कप्प्यात तो कॅन होता. तळाशी वाटीभर तीर्थ उरलेलं. मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. ते खारट आहे हे मला माहीत होतं. रामेश्वरला नाकातोंडात गेलं होतं, ठसका लागला होता. माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही. पण 'तीर्थ' म्हटलं आणि मी त्याची चव विसरले.

तरी मी खात्री करून घेतली. दोन वाट्या, त्यांत कापूस, त्यावर त्याच डब्यातले दहा-दहा गहू. एकीत नळाचं पाणी, एकीत तीर्थ. तीर्थ ओतताना हात जोडले, कारण सवय आहे, आणि कारण मनातून मला वाटत होतं की देवी अजूनही मला वाचवेल. तिसऱ्या दिवशी नळाच्या वाटीत पांढरी मुळं. टँकरचं पाणी ते. पाचव्या दिवशी हिरवी टोकं. तीर्थातले दाणे जरासे फुगलेले, पिवळट, एकही फुटलेला नाही. सहाव्या दिवशी वास यायला लागला. मी त्या दिवशी वहीत तिथीसुद्धा लिहिली नाही.

माझ्या हातून काही मूठभर जीव मेले, हे एक. त्याचं पाप देवी पाहून घेईल. पण ज्या बाईने पहिल्याच क्षणी बरोबर प्रश्न विचारला होता, 'पानी कंचं', तिला मी डबक्याचं बोलले होते. मिठागरात जन्मलेली बाई ती. मी फक्त 'समुद्राचं' एवढा एक शब्द म्हटला असता तर तिने तिथल्या तिथे सांगितलं असतं.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "जाऊन सॉरी म्हणून ये, विषय संपव." मला तेवढं सोपं वाटेना. पौष गेला, माघ गेला. रोज वहीत 'उद्या जाईन' असं लिहिलेलं आहे, पानंच्या पानं. होळीनंतर एका सकाळी साडी, ओटीचं सामान आणि पेढे घेऊन काशीगावला गेले.

घर सापडायला वेळ लागला नाही. अनसूयाबाई मागच्या वाफ्यात पालक उपटत होत्या. त्यांची मुलगी उर्मिला, लग्न होऊन उत्तनला दिलेली, माहेरी आली होती. ओट्यावर बसून जुड्या बांधत होती. तिने मला ओळखलं आणि तोंड फिरवलं.

मी सगळं सांगितलं. बटाटे, वाट्या, तीर्थ. अनसूयाबाई पालकाची मुळं झटकत ऐकत होत्या.

"समुद्राचं पानी घातलंस?" त्यांनी शेवटी विचारलं. "गव्हाला?" आणि हसल्याच. तोंडावर पदर घेऊन हसल्या. "अगं, आमचा बांध फुटला व्हता, भरतीचं पानी शेतान आलं, तं तीन वर्सं गवत न्हाय उगावलं. तू परडीत दर्या आनलास!"

मलाही हसू आलं आणि त्याच वेळी रडू. मला वाटलं, झालं, सुटले. साडी पुढे केली.

तेव्हा उर्मिला बोलली. "काकी, ती माती मी भरली होती. मी. आईनं हात नाही लावला. सुतक आहे म्हणून मला उत्तनहून बोलावून घेतलं, माझ्या सासरी सुतक नाही ना. मी खणली, मी चाळली, तुमच्या हातात पिशवी मीच दिली. ती बाजूला उभी होती, आठवतंय?"

आठवत होतं. उर्मिलाने पिशवी दिली आणि अनसूयाबाई चार हात लांब उभ्या होत्या. मी मनात म्हटलं होतं, पाठ दुखत असेल.

"तुम्ही त्या दिवशी सांगितलं का नाही?" मी अनसूयाबाईंना विचारलं.

"तू इचारलंस कुठं? तू सांगत व्हतीस." त्यांचं हसू गेलं होतं. साडी त्यांनी घेतली नाही. पेढ्यांचा पुडा उर्मिलाच्या मुलाला दिला. मग म्हणाल्या, "ह्या मागच्या दारान येऊन मना काय सांगतंस? मना म्हाईतच व्हतं मी न्हाय केलं. जिथं बोललीस तिथं बोल."

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मी बोलले. त्याच हॉलमध्ये. आदल्या दिवशी तीन वेळा ठरवलं की ताप आला म्हणून सांगायचं. कैरीची डाळ वाटून झाली, पन्हं झालं, आणि मी उभी राहून म्हटलं की मला दोन मिनिटं बोलायचं आहे. बायकांना वाटलं, भिशीचं काही असेल. मी तीर्थाचं सांगितलं. उर्मिलाचं सांगितलं. गव्हाच्या दोन्ही वाट्यांचं सांगितलं. "घट माझ्यामुळे मेला. अनसूयाबाईंचा काही दोष नव्हता. मी खोटं बोलले," असं म्हटलं. मग जरा थांबून, "खोटं नाही, पण शहानिशा न करता बोलले," असं सावरायला गेले, आणि लक्षात आलं की अजूनही स्वतःला वाचवते आहे. म्हणून पुन्हा म्हटलं, "खोटंच बोलले."

काही जणी म्हणाल्या, "अहो, जाऊ द्या, झालं ते झालं." कोणी म्हणालं, "कमालच आहे, तीर्थाने मरतं?" शहाबेन पन्हं पीत राहिल्या. आशाताईंचा चेहरा मात्र उतरला होता. त्या म्हणाल्या, "तू बोललीस म्हणून आम्ही सहा महिने तिच्याकडून काडीही घेतली नाही गं. माझा घट तर माझ्या डोळ्यांसमोर उगवला होता." त्या मला बोलत होत्या की स्वतःला, कळलं नाही.

चार दिवसांनी तिघी-चौघी मिळून काशिमिऱ्याला गेल्या आणि अनसूयाबाईंना बोलावून आल्या. मला नेलं नाही, ते बरंच केलं. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या सकाळी अनसूयाबाई गेटशी बसलेल्या दिसल्या. गर्दी होती. मी सगळ्यांच्या मागे उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा समोर कोणी उरलं नव्हतं.

"हॉलमधल्या बायांनी सांगितलं, बोललीस," त्या म्हणाल्या. मेथीवर पाणी शिंपडत होत्या, वर पाहिलं नाही. "बरं केलंस."

"अनसूयाबाई, मला खरंच..."

"एक इचारू?" आता त्यांनी वर पाहिलं. रागाने नाही. खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं. "तुज्या पोरीनं ते बटाटं कापलंच नसतं तं? मीठ न्हाय सापडलं असतं तं?"

मी पिशवी उघडून पुढे धरली. त्यांनी दोन जुड्या तीत घातल्या, सुटे पैसे परत दिले, आणि माझ्या मागे येऊन थांबलेल्या बाईला विचारलं, "तुला काय देऊ?"

उत्तर मला माहीत होतं. मीठ सापडलं नसतं, तर मी आजही कोंब न येण्याचं खापर त्यांच्याच सुतकावर फोडत असते, आणि देवीपुढे हात जोडताना मला काहीही खुपत नसतं. ते मला तिथे उभं राहून म्हणता आलं नाही. त्या रोज सकाळी तिथे बसतात, मी रोज तिथून जाते, आणि अजूनही म्हटलेलं नाही.